गॅरेजचे शटर

गॅरेजचे शटर म्हणजे वाहन ठेवण्याच्या बंदिस्त जागेला लावलेला, वर गुंडाळला जाणारा धातूचा दरवाजा होय. पोलादी पत्र्याच्या आडव्या पट्ट्या एकमेकींत अडकवून त्याचा पडदा तयार होतो. हा पडदा दोन्ही बाजूंच्या खोबणींतून (चॅनेलांतून) सरकत दरवाजाच्या माथ्यावरील पाइपाभोवती गुंडाळला जातो. दुकाने, गोदामे आणि कारखाने यांनाही हेच शटर असते. महाराष्ट्रात नव्या शटरची किंमत प्रति चौरस फूट दराने सांगण्याची पद्धत आहे. मात्र नुसत्या दरावरून खर्चाचा अंदाज बांधता येत नाही. पत्र्याची जाडी, मोजमापाची रीत, स्प्रिंगांची संख्या आणि मोटार यांनुसार एकाच मापाच्या दोन शटरच्या किमतींत मोठे अंतर पडते.

संज्ञा

मराठी बोलीत 'गॅरेज' म्हटल्यावर प्रथम डोळ्यांपुढे येते ते वाहनदुरुस्तीचे दुकान. घराच्या आवारात गाडी ठेवण्याच्या जागेला लोक 'पार्किंग' किंवा 'पोर्च' म्हणतात. कायद्याची भाषा मात्र वेगळी आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मधील व्याख्येनुसार छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली, वाहन ठेवण्याची प्रकल्पातील जागा म्हणजे गॅरेज. उघड्या वाहनतळाचा त्यात समावेश होत नाही. उरलेली चौथी बाजू बंद करण्याचे काम शटर करते.

पार्श्वभूमी

शटर येण्यापूर्वी महाराष्ट्रातील बाजारपेठांत दुकाने लाकडी फळ्यांनी बंद केली जात. फळ्यांवर क्रमांक घातलेले असत. त्या खाचेत एकामागून एक बसवून शेवटी आडवी पट्टी आणि कुलूप लावले जाई. दुकान उघडणे व बंद करणे हे रोजचे दहा-पंधरा मिनिटांचे काम होते. नाशिकच्या जुन्या गावठाणातील वाड्यांना जाड लाकडी दरवाजा, त्यात माणसापुरती दिंडी आणि आतून अडसर अशी व्यवस्था असे. गुंडाळी शटरने फळ्यांची जागा घेतली, कारण ते एका माणसाला अर्ध्या मिनिटात ओढता येते आणि उघडल्यावर जमिनीवरची जागा अडवत नाही. गाडीच्या जागेसाठीही हाच गुण उपयोगी पडला.

पाश्चात्त्य देशांतील घरांत वेगळा प्रकार रूढ आहे. रुंद फळ्यांसारखे भाग बिजागरींनी जोडलेला हा दरवाजा रुळांवरून वर जाऊन छताला समांतर आडवा राहतो. वर उचलला जाणारा असा दरवाजा अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ साली तयार केला आणि १९२६ साली तो विजेवर उघडण्याचे यंत्रही आणले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरी दिसतो तो हाच. तेथे त्याची किंमत चौरस फुटावर नव्हे, तर एकेरी किंवा दुहेरी गाडीच्या ठरीव मापाच्या अख्ख्या दरवाजावर सांगतात. भारतात हा प्रकार मुख्यतः महागड्या बंगल्यांत दिसतो. त्याचा खर्च साध्या शटरच्या कित्येक पट असतो आणि छताखाली रुळांसाठी मोकळी जागा लागते.

रचना

शटरचे मुख्य भाग असे: पट्ट्या, दोन बाजूंचे चॅनेल, वरचा पाइप, पाइपावरील स्प्रिंगा, पाइप पेलणारे कंस, खालची जाड पट्टी, कड्या-कुलपे आणि गुंडाळी झाकणारे पत्र्याचे आवरण. या सर्वांत स्प्रिंगचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि ग्राहकाला सर्वांत कमी दिसणारे. पडदा खाली येताना स्प्रिंग पिळली जाते व ऊर्जा साठवते. वर जाताना ती ऊर्जा पडद्याचे वजन उचलते. तोल नीट साधला असेल, तर शंभर किलोचे शटरही एका हाताने चढते. स्प्रिंगा कमी घातल्या, तर किंमत उतरते; पण रोज सकाळी घरातील वृद्ध माणसाला किंवा दुकान उघडणाऱ्या पोराला ते वजन कमरेवर घ्यावे लागते.

किंमत ठरवणारे घटक

पहिला घटक पत्र्याची जाडी. बाजारात ती 'गेज'मध्ये सांगतात, आणि येथे आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मि.मी., २० गेजचा सुमारे ०.९ मि.मी. आणि २२ गेजचा सुमारे ०.७ मि.मी. जाड असतो. पोलादाची घनता ध्यानात घेता एक चौरस मीटर सपाट पत्र्याचे वजन अनुक्रमे साडेनऊ, सात आणि साडेपाच किलोच्या आसपास येते. पट्टीचे बाक आणि वळवलेल्या कडा धरून प्रत्यक्ष शटरचे वजन याहून बरेच जास्त भरते. १८ ऐवजी २२ गेज वापरल्यास पोलाद चाळीस टक्क्यांहून अधिक वाचते आणि रंग दिल्यावर दोन्ही शटर सारखीच दिसतात. धातूच्या गुंडाळी शटरसाठी आय.एस. ६२४८ हे भारतीय मानक आहे. सरकारी बांधकामांच्या विनिर्देशांत साडेतीन मीटर रुंदीपर्यंत किमान ०.९ मि.मी. आणि त्यापुढे किमान १.२ मि.मी. जाडीची अट घालण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने २२ गेजचे शटर कोणत्याच रुंदीला बसत नाही. पातळ पट्टी पहारीने वाकते, वाऱ्याच्या दाबाने चॅनेलातून निसटू शकते आणि गाडीचा हलका धक्काही तिला पोचा पाडतो. कोटेशनमध्ये जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घेणे आणि माल आल्यावर पट्टीच्या कडेला मापक लावून पाहणे, एवढी दक्षता पुरेशी असते.

दुसरा घटक मोजमाप. सरकारी कामांत साधारणतः उघड्या दाराची निव्वळ रुंदी आणि उंची धरतात. खासगी व्यवहारात अनेक कारागीर चॅनेलात शिरणारी रुंदी आणि पाइपावर गुंडाळलेला वरचा भागही मोजतात. यात लबाडीच असते असे नाही, कारण तेवढे पोलाद खरोखर लागते. मात्र रीत आधी ठरली पाहिजे. उदाहरणार्थ, १० फूट रुंद व ८ फूट उंच दाराचे निव्वळ क्षेत्रफळ ८० चौरस फूट होते. रुंदीत अर्धा फूट आणि उंचीत दीड फूट वाढवल्यास तेच जवळजवळ १०० चौरस फूट होते. २५० रुपये दराने पहिल्या रीतीने २०,००० रुपये, तर दुसऱ्या रीतीने सुमारे २४,९०० रुपये होतात. म्हणजे निव्वळ मापावर ३०० रुपये दर सांगणारा कारागीर (२४,००० रुपये) येथे स्वस्त ठरतो. पोलादी दारे व शटर यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. सांगितलेला दर करासह की कराविना, हेही विचारावे लागते.

हे दर केवळ हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत. २०२० नंतरच्या काही वर्षांत हाताने चालणाऱ्या साध्या पोलादी शटरचा दर महाराष्ट्रातील शहरांत सर्वसाधारणपणे प्रति चौरस फूट २०० ते ३५० रुपयांच्या आसपास सांगितला जात असे; जाडी आणि जस्तलेपनानुसार तो वरखाली होतो. पोलादाच्या बाजारभावाचा परिणाम थेट होतो. युक्रेन युद्धानंतर पोलाद कडाडले, तेव्हा केंद्र सरकारने मे २०२२ मध्ये अनेक पोलादी उत्पादनांवर निर्यातशुल्क लावले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते मागे घेतले. अशा काळात महिन्यापूर्वीचे कोटेशन कारागीर पाळत नाहीत. म्हणून कोटेशनवर मुदत लिहिलेली असावी.

हवामानाचा भाग नाशिक जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा आहे. निफाड-सिन्नरच्या कोरड्या पट्ट्यात तांबडा प्रायमर आणि तैलरंग दिलेले साधे शटर वर्षानुवर्षे टिकते. इगतपुरी व त्र्यंबकेश्वर या घाटमाथ्याकडील मुसळधार पावसाच्या भागात मात्र तेच शटर खालच्या दोन-चार पट्ट्यांपासून गंजू लागते. तेथे जस्तलेपित पत्र्याचा जादा खर्च वसूल होतो. जस्ताचा थर ग्रॅम प्रति चौरस मीटर या मापात सांगतात. '१२० ग्रॅम' म्हणजे दोन्ही बाजूंचा मिळून तेवढा थर. ॲल्युमिनियमचे शटर गंजत नाही व हलके असते, पण महाग आणि घरफोडीला तुलनेने कमकुवत. सळयांचे जाळीदार शटर हवा खेळती ठेवते; गाडीवर धूळ बसते, एवढाच त्याचा तोटा.

मोठ्या शटरला केवळ स्प्रिंग पुरत नाही. सुमारे १० चौरस मीटरपर्यंतचे शटर हाताने ओढता येते. त्यापुढे साखळी व दातेरी चक्रांची किंवा हँडलची जोड लागते आणि तिचा खर्च वेगळा आकारतात. बॉल-बेअरिंगचेही तसेच. विजेची मोटार बसवल्यास लहान शटरच्या बाबतीत मोटारीचा खर्च शटरच्या मूळ किमतीच्या जवळ जातो. मोटार घेताना वीज गेल्यावर हाताने उघडण्याची सोय आहे ना, हे पाहणे आवश्यक ठरते. दुसरी गोष्ट अडथळा ओळखणाऱ्या संवेदकाची. खाली येणाऱ्या दरवाजाखाली मुले चिरडल्याच्या घटनांनंतर अमेरिकेत १९९३ पासून घरगुती यंत्रांना अशी सुरक्षा सक्तीची झाली. भारतात स्वस्त संचांतून नेमका हाच भाग वगळलेला आढळतो. त्याची किंमत एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ आहे. तेथे काटकसर करणे अनुचित होय.

बसवणी आणि दुरुस्ती

नाशिकमध्ये सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींमुळे फॅब्रिकेशनची कामे करणारे कारागीर पुष्कळ आहेत, त्यामुळे शटर जवळच तयार करून मिळू शकते. तयार करणारा आणि बसवणारा एकच असणे हिताचे, नाहीतर चॅनेल ओळंब्यात नसल्याचा दोष दोघेही एकमेकांवर ढकलतात. जुने शटर बदलताना ते कोणी न्यायचे, हे आधी बोलून घ्यावे. भंगाराला वजनावर पैसे मिळतात आणि ती रक्कम नव्या बिलातून वजा करून घेता येते.

पिळलेली स्प्रिंग तुटली किंवा निसटली, तर गंभीर इजा होऊ शकते. स्प्रिंगचे काम घरी करून पाहण्यासारखे नाही. शटर जड लागू लागले, तर बहुधा स्प्रिंग थकलेली असते. तेवढ्यासाठी अख्खे शटर बदलण्याची गरज नसते. खालच्या पट्ट्या गंजल्या असतील, तर त्या सुट्या बदलता येतात.

पूर आणि शटर

शटर पाणी अडवत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदावरीचे पाणी रामकुंड परिसरातून सराफ बाजार व भांडी बाजारापर्यंत चढते. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मधील पुरांत हे दिसून आले. पाणी कोठवर आले हे नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. पुरात शटर वाकले नाही, तरी चॅनेलात गाळ बसतो, कुलपे अडकतात आणि वरचेवर भिजलेल्या खालच्या पट्ट्या लवकर गंजतात. नदीकाठच्या सखल वाहनतळाला जाड शटर बसवून गाडी सुरक्षित होत नाही. तेथे मोटार आणि तिची वीजजोडणी उंचावर घेणे, एवढाच खर्च सार्थकी लागतो.

कायदेशीर बाजू

स्वतःच्या बंगल्यातील बंदिस्त गॅरेजला शटर लावणे हा फारसा वादाचा विषय नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेत प्रश्न वेगळा असतो. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या मुंबईतील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निर्णय दिला. खांबांवरील इमारतीखालची मोकळी वाहनजागा म्हणजे महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका मालकी कायद्यातील 'गॅरेज' नव्हे, आणि विकासकाला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे त्यात स्पष्ट झाले. अशी जागा सामाईक असते. आपल्या नावच्या रकान्याला कोणी दोन भिंती आणि शटर घातले, तर संस्था व महानगरपालिका ते काढायला लावू शकतात, आणि तेव्हा शटरची सगळी किंमत भंगाराच्या भावावर येते. म्हणून कारागिराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी संस्थेची लेखी परवानगी आणि मंजूर नकाशा पाहणे आवश्यक असते. आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग म्हणून वर सरकणारा दरवाजा राष्ट्रीय इमारत संहितेत ग्राह्य नाही. गॅरेजातून घरात जाण्याचा रस्ता असेल, तर बाहेर पडण्यासाठी माणसाचे वेगळे दार ठेवावे लागते, आणि अंदाजपत्रकात त्याचीही नोंद हवी.