दादर रेल्वे स्थानक

मुंबईतील मध्य व पश्चिम या दोन्ही उपनगरी मार्गांचे सामाईक स्थानक. पूर्वेकडील मध्य मार्गाचे मूळ ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीच्या बोरीबंदर–ठाणे लोहमार्गात (1853) आहे. पश्चिमेकडील मार्ग बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीचा. त्याच्या चर्चगेट–बोरिवली भागावर 1928 मध्ये विजेच्या गाड्या सुरू झाल्या.

दोन्ही मार्ग येथे शेजारी-शेजारी धावतात आणि पादचारी पुलांनी जोडलेले आहेत. गाडी बदलणाऱ्यांची खरी गर्दी या पुलांवरच असते. प्रत्येक रेल्वेचे फलाट पूर्वी एकपासून मोजले जात. त्यामुळे ‘एक नंबर’ दोन होते, आणि नवखा माणूस हमखास चुकीच्या जिन्याने उतरे. डिसेंबर 2023 मध्ये पश्चिम रेल्वेचे 1 ते 7 तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना 8 ते 14 क्रमांक देण्यात आले. ही साधी सुधारणा फार आधी व्हायला हवी होती.

लांब पल्ल्याच्या काही गाड्या येथूनच सुटतात. पश्चिमेला स्थानकालगत फुलबाजार आहे. झेंडू-शेवंतीचे भारे पहाटेच उतरतात. 6 डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणारे डॉ. आंबेडकरांचे लाखो अनुयायी याच स्थानकातून बाहेर पडतात.