ठोका लिहून ठेवण्याची गोष्ट: इलेक्ट्रॉनिक ड्रम घरच्या कॉम्प्युटरपर्यंत कसे पोचले

ध्वनिमुद्रणाचा इतिहास म्हटला की आपण मायक्रोफोन, टेप आणि स्टुडिओ यांच्याबद्दल बोलतो. आज त्याच इतिहासातली एक आडवाट बघू. कॉलेजात जाणारा एखादा मुलगा आपल्या खोलीत इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवतो, एक केबल कॉम्प्युटरला जोडतो आणि गाण्याचा ड्रम-ट्रॅक तयार करतो. हे इतक्या कमी पैशांत कसं जमू लागलं? यंत्रं स्वस्त झाली, हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं १९८३ सालच्या एका करारात सापडतं.

आधी अडचण समजून घेऊ. साधा ड्रम-सेट नीट मुद्रित करायचा तर सात-आठ मायक्रोफोन लागतात, तितके चॅनेल असलेला मिक्सर लागतो आणि मुख्य म्हणजे चांगली खोली लागते. गायक घरी मुद्रण करू शकत होता, गिटारवाला करू शकत होता. ड्रमवाला मात्र स्टुडिओच्या तासाच्या भाड्याला बांधलेला होता.

१९८१ मध्ये इंग्लंडच्या सिमन्स कंपनीचा एसडीएस-५ हा षटकोनी पॅडचा संच आला. काठीचा ठोका पॅडवर बसला की त्याचा विजेचा संकेत व्हायचा आणि त्यातून यंत्र आवाज काढायचं. पॅड इतके कडक होते की वादकांची मनगटं दुखायची! पण एक मोठी गोष्ट घडून गेली होती. ठोका आणि आवाज वेगळे झाले होते.

आपल्याला हे अनोळखी वाटू नये. वहीत ‘धा धिं धिं धा’ लिहिलेलं असतं, तेव्हा त्या कागदात तबल्याचा नाद नसतो. काय वाजवायचं आणि कधी, एवढंच असतं. तबला कुठला, हे नंतर ठरतं.

पाश्चात्त्य वाद्य-कंपन्यांकडे यंत्रांसाठी अशी समाईक लिपी नव्हती. प्रत्येकीची जोडणी वेगळी. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी ही कोंडी फोडायला पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅम प्रदर्शनात स्मिथ यांचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा कीबोर्ड एकमेकांना जोडून दाखवले गेले. हीच ‘मिडी’. स्पर्धक कंपन्यांनी एकत्र येऊन ती ठरवली आणि वापरासाठी कुणाकडूनही परवाना-शुल्क घेतलं नाही. या कामासाठी दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं.

आता हिशोब करू. मिडीत एका ठोक्याचा निरोप तीन बाइटचा असतो: ठोका पडला, कुठल्या वाद्यावर पडला, किती जोरात पडला. जोर मोजायला १ ते १२७ अशा पायऱ्या. मूळच्या केबलमधून हा निरोप जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. उलट सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज साठवायचा तर दर सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. १९८५ च्या अटारी ५२० एसटी या घरगुती कॉम्प्युटरची मेमरी होती ५१२ किलोबाइट. सगळी वापरली तरी जेमतेम तीन सेकंदांचा आवाज मावला असता! पण अख्ख्या गाण्याचे हजारो ठोके त्यात सहज मावत होते. शिवाय मिडीची जोडणी त्या यंत्रातच बसवलेली होती. घरचा कॉम्प्युटर संगीताच्या कामाला लागला तो असा.

पुढे १९९७ मध्ये रोलंडच्या टीडी-१० संचाबरोबर जाळीचे पॅड आले आणि मनगटांना आराम मिळाला. १९९९ मध्ये यूएसबीवरून मिडी पाठवण्याचं प्रमाण ठरलं. आज अनेक स्वस्त संचांना प्रिंटरला लागते तसलीच केबल पुरते.

या इतिहासाचा आजच्या खिशाशी थेट संबंध आहे. संचाचा आवाज ऑडिओ म्हणून घेतला, तर बहुतेक स्वस्त संचांतून एकच स्टिरिओ ट्रॅक मिळतो. त्यात स्नेअर मोठा झाला असेल तर तो एकटा कमी करता येत नाही. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातला तर आवाज फाटू शकतो. मिडी घेतली तर प्रत्येक ठोका वेगळा हाताशी राहतो. चुकलेला ठोका सरकवता येतो, आवाज नंतर बदलता येतो. वाजवताना हेडफोन संचालाच लावावा, म्हणजे कॉम्प्युटरमुळे होणारा उशीर कानाला जाणवत नाही. मात्र सॉफ्टवेअर मिडी मुद्रित करणारं हवं. ऑडॅसिटी फुकट आहे, पण ती फक्त आवाज मुद्रित करते.

लिपीत सगळं मावत नाही, हेही खरं. स्नेअरवर ब्रश गोल फिरवला तर त्यात ‘ठोका’ कुठे आहे? डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड तीन बाइटांत कशी लिहिणार? १२७ पायऱ्यांच्या मधली जागा गळून जाते. २०२० मध्ये जाहीर झालेल्या मिडी २.० ने पायऱ्या खूप वाढवल्या, पण काय लिहायचं आणि काय सोडायचं हा लिपीचा जुना प्रश्न राहिलाच.

तरीही आपल्याला हे लक्षात ठेवावं लागेल की ड्रमवाल्याची स्टुडिओच्या भाड्यातून सुटका करण्यात स्वस्त चिपइतकाच वाटा त्या न आकारलेल्या शुल्काचा आहे. तेव्हा कुणी त्या लिपीवर कुलूप लावलं असतं, तर आज खोलीत बसलेल्या त्या मुलाला संच, केबल आणि सॉफ्टवेअर एकाच दुकानातून, तो सांगेल त्या भावाने घ्यावं लागलं असतं.