बॉब मार्ली

रॉबर्ट नेस्टा मार्ली (६ फेब्रुवारी १९४५ – ११ मे १९८१). जमैकातील नाइन माइल खेड्यात जन्म. वाढला किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत. पीटर टॉश, बनी वेलर यांच्यासह 'द वेलर्स'मध्ये गाऊ लागला. त्याच्या आयुष्यातला एक गाजलेला प्रसंग २२ एप्रिल १९७८चा, किंग्स्टनमधल्या 'वन लव्ह पीस कॉन्सर्ट'चा. सत्ताधारी आणि विरोधी पक्षांच्या टोळ्या तेव्हा एकमेकांच्या जिवावर उठल्या होत्या. डिसेंबर १९७६मध्ये खुद्द मार्लीवर त्याच्या घरी गोळ्या झाडल्या गेल्या. जखमी अवस्थेतही तो दोनच दिवसांनी ठरलेल्या कार्यक्रमात गायला. १९७८च्या पीस कॉन्सर्टमध्ये मात्र त्याने पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सियागा यांना मंचावर बोलावून दोघांचे हात एकमेकांत गुंफून डोक्यावर उंच धरले. हिंसाचार थांबला नाही, १९८०ची निवडणूक तर अधिकच रक्तरंजित ठरली. तरी त्यामुळे त्या कृतीचे मोल उणावत नाही. १९७८मध्येच त्याला तिसऱ्या जगाचे शांतिपदक मिळाले. मात्र एप्रिल १९८०मध्ये झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात त्याला गायला बोलावले गेले, हा मान आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. जमैकाचा 'ऑर्डर ऑफ मेरिट' त्याला १९८१मध्ये मिळाला. त्याच वर्षी मायामीत कर्करोगाने त्याचे निधन झाले. अंत्यसंस्कार शासकीय इतमामात झाले.