‘मला’ची क्रियापदे आणि इंग्रजीतला आयएनजी

इंग्रजीचे शिक्षक घडवण्यासाठी १९५८ साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघाली ती हैदराबादेत. आजचे इफ्लू विद्यापीठ ते हेच. तरीही ‘आय अ‍ॅम नोइंग तेलुगू’ या शहरात सर्रास कानावर पडते. हा मातृभाषेचा परिणाम, असे म्हणून लोक मोकळे होतात. पण तेलुगूतल्या ‘नाकु तेलुसु’ला अपूर्ण काळ चालतच नाही, आणि मराठीतही आपण ‘मला माहीत होत आहे’ म्हणत नाही. मराठी मुलांपुरते बोलायचे तर मला संशय शाळेतल्या सूत्राचा येतो: वाक्याच्या शेवटी ‘-त आहे’ दिसले की आयएनजी लावा. ‘माहीत आहे’ त्या सापळ्यात अलगद सापडते!

‘दिसणे’चे प्रकरण मात्र खोल आहे. ‘आमच्या गच्चीवरून चारमिनार दिसतो’ म्हणजे केव्हाही दिसतो. ‘दिसतोय’ म्हणजे या क्षणी, धुके नाही म्हणून. तेलुगूचे ‘कनिपिस्तोंदि’ही असेच. इंग्रजीत दुसऱ्या अर्थालाही ‘आय कॅन सी’च म्हणावे लागते. तेव्हा ‘आय अ‍ॅम सीइंग चारमिनार’ म्हणणारा अडाणी नसतो. आपल्या भाषेतला भेद तो इंग्रजीत जपू पाहतो.

झेनो वेंडलरने १९५७ साली क्रियापदांचे चार वर्ग केले. त्यांपैकी स्थितिवाचकांत टप्पे नसतात. धावणे चालू असते, ठाऊक असणे नुसते असते. मराठी माणसाला याची खूण घरातच मिळते. जिथे आपण ‘मी’ सोडून ‘मला’ म्हणतो, तिथे इंग्रजीत बहुधा आयएनजी नको: मला आवडते, हवे आहे, वाटते, आठवते, ऐकू येते. मी ऐकतोय, तर ‘लिसनिंग’. मला ऐकू येतेय, तर ‘हिअर’. ‘मी विचार करतोय’ला ‘थिंकिंग’ चालते, ‘मला वाटते’ला नाही. बिर्याणी चाखणारा आचारी ‘टेस्टिंग’ करतो. बिर्याणी स्वतः नुसती ‘टेस्ट्स गुड’.

‘आयम लव्हिन इट’ ही जाहिरात मुद्दाम वाकडी आहे, ती दाखला म्हणून आणू नये. खूण फसते ती दोन्हीकडून. ‘मला कंटाळा येतोय’ला ‘गेटिंग बोअर्ड’ हेच बरोबर. उलट ‘मी त्याला ओळखतो’, ‘माझा त्यावर विश्वास आहे’, ‘डब्यात साखर आहे’ यांत ‘मला’ कुठेच नाही. नो, बिलीव्ह, कन्टेन ही क्रियापदे पाठच करावी लागतात.