डॉल्बी, डीजे आणि आपली मंगळागौर

श्रावण तोंडावर आलाय. आमच्या चिखलीच्या सोसायटीत मंगळागौरीच्या वर्गणीची वही फिरू लागलीय. गेल्या वर्षी आम्ही मोठ्या हौसेनं 'डीजे' सांगितला होता. माणसापेक्षा उंच बॉक्स आले, मांडवाचं कापड थरथरलं. पण झिम्मा सुरू झाला तेव्हा आमच्यातल्या ज्या एकट्या आजींना जुनी गाणी पाठ आहेत, त्यांचा आवाज तिसऱ्या रांगेतही पोचेना. दोन गाणी म्हणून त्या गप्प बसल्या. म्हणून यंदा साउंड ठरवण्याआधी म्हटलं, हा आवाज आपल्या मांडवात आला कसा, ते तरी बघू.

पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि गावोगावची माणसं कामाला इथं आली. त्यांच्या लग्नाच्या, जत्रेच्या मांडवावर असायचा तो पत्र्याचा भोंगा. भोंगा बोलण्यासाठीच बनलेला. मधल्या पट्टीचा आवाज तो लांब फेकतो, ढोलकीचा घुमारा मात्र त्याला पेलत नाही. त्यामुळे गाणं चिरकं लागायचं, पण 'नवरीच्या मामांनी मांडवात यावं' हे शब्द अख्ख्या वाडीला कळायचे.

पुढं कॅसेट आल्या, लाकडी बॉक्स आले, मग ट्रॅक्टरवर रचलेली भिंत आली. तिला आपण डॉल्बी म्हणतो. गंमत बघा, रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर साठच्या दशकाच्या सुरुवातीला युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतातच होता. 1965 मध्ये त्यानं लंडनला कंपनी काढली ती टेपची खरखर कमी करण्यासाठी! घरच्या टेप-डेकवरचं डॉल्बीचं बटण त्याच कामाचं होतं. डीजेचंही तसंच. जगात डीजे म्हणजे दोन तबकड्या आणि मिक्सर घेऊन एका गाण्यातून दुसऱ्यात अलगद नेणारा माणूस. 1972 मध्ये जपानमध्ये निघालेली टेक्निक्सची एसएल-1200 ही तबकडी अशा लोकांची लाडकी. आपल्याकडे मात्र डीजे म्हणजे गाडी.

चाकण-भोसरीत कामाला जाणाऱ्या मैत्रिणींना एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. कारखान्यात आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा 90 डेसिबल, 100 डेसिबल असेल तर दोनच तास. म्हणून प्रेसशॉपमध्ये कानात प्लग घालतात. तीच बाई संध्याकाळी उघड्या कानांनी, कडेवर पोर घेऊन भिंतीसमोर उभी राहते! 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ठरवलेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणाच्या काही ठरावीक दिवसांना सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ती आपल्या मंगळागौरीसाठी नव्हे.

मग घ्यायचं काय? दुकानदार आधी वॅट सांगतो. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो जेमतेम 3 डेसिबलनं, भाडं मात्र चांगलंच वाढतं. त्याला उलट विचारा, 'शब्द कळतील का?' शंभरेक बायकांच्या हॉलला स्टँडवरचे, आत अँप्लिफायर असलेले बारा इंची दोन स्पीकर, एक लहान मिक्सर आणि दोन चांगले माईक पुरतात. बेसचा वेगळा बॉक्स नको, तोच शब्द गिळतो. स्पीकर माईकच्या पुढे ठेवा, मागे ठेवलेत तर शिट्टी वाजते. दांडिया असेल तर गोष्ट वेगळी. तिथं ठेका पायांना लागायला हवा, म्हणून एक बेस आणि लॅपटॉपला जोडायचा छोटा कंट्रोलर घ्या. हळदीला नाचणाऱ्या पोरींनाही तेवढा बास होतो, त्या कबूल करणार नाहीत ही गोष्ट निराळी.

काल आजींना विचारलं, 'माईक कुठला सांगू?' म्हणाल्या, 'हातात नको गं, फुगडीला हात मोकळे लागतात.' म्हणून उभ्या स्टँडचे दोन सांगितलेत. सोमवारी संध्याकाळी त्यांच्याच आवाजावर चाचणी घ्यायची आहे.