जवसाचं तेल: घाण्यापासून कॅप्सूलपर्यंत

नव्या क्रिकेट बॅटला चोळायचं तेल, दारं-खिडक्यांना रंगारी लावतात ते बेलतेल आणि औषधाच्या दुकानातल्या कित्येक शाकाहारी ओमेगा-3 कॅप्सूलमधलं सोनेरी तेल, ही तिन्ही मुळात एकाच बीची. पुण्या-मुंबईकडे तिला अळशी म्हणतात, विदर्भात जवस. (हार्डवेअरच्या दुकानातलं बेलतेल चुकूनही पोटात घेऊ नका. ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची संयुगं मिसळलेली असतात.)

एकच तेल लाकडालाही चालतं आणि हृदयाच्या नावानंही विकलं जातं, हे कसं? त्याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे, तसंच बुलढाणा जिल्ह्यातून गेलेल्या रेल्वेच्या इतिहासातही आहे.

खामगावची गाडी

1853 साली निजामाच्या ताब्यातला वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर खिळली. भुसावळहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव करत 1867 मध्ये नागपूरला पोचला. दोनच वर्षांनी सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई-युरोप अंतर एकदम घटलं. 1870 मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला, तेव्हा त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एका लहानशा फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून खामगावच्या कापूस बाजाराचं वजन कळतं.

रेल्वे कापसासाठी आली खरी, पण डब्यांत गळिताची धान्यंही चढली. जवसाचा मोठा पट्टा नागपूर-भंडाऱ्याकडे होता. वऱ्हाडात तो रब्बीतलं दुय्यम पीक, कुठे हरभऱ्यात मिसळून, कुठे गव्हाच्या कडेनं पेरलेलं. तरी बाजार त्याला तोच होता, मुंबई आणि तिथून युरोप.

युरोपला हे तेल खायचं नव्हतंच. 1863 मध्ये फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजानं लिनोलियमचं पेटंट घेतलं. जवसाचं तेल हवेत घट्ट करून त्यात बुचाचा भुगा वगैरे घालायचा आणि कापडावर थापून जमिनीवर अंथरायचं. लिनोलियम या नावातलं 'लिनम' म्हणजे जवस आणि 'ओलियम' म्हणजे तेल. याशिवाय रंग, वॉर्निश आणि छपाईची शाई यांतही हेच तेल लागे. उरलेली पेंड तिकडच्या गुरांच्या दावणीत जाई.

वाळणारं तेल

शेंगदाण्याचं तेल ताटलीत ठेवलं तर दिवसेंदिवस ओलंच राहतं. जवसाच्या तेलाचा पातळ थर मात्र काही दिवसांत चिवट पापुद्रा होतो. त्यातलं निम्म्याहून अधिक मेदाम्ल अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे 'एएलए' हे असतं. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात, आणि हे बंध हवेतल्या ऑक्सिजनला पटकन धरतात. रंगाऱ्याला हवा तो गुण हाच.

स्वयंपाकात मात्र तोच गुण आडवा येतो. तेल लवकर खवट होतं आणि कढईत तापवलं की बिघडतं. गावात तेल्याचा घाणा होता तोवर हे निभलं. लागेल तेवढंच गाळून आणायचं, ताजं संपवायचं, पेंड बैलाला घालायची. घाणे बंद पडले, शेंगदाणा आणि सरकीची तेलं आली, 1990च्या दशकात आयातीचं पाम तेल स्वस्त झालं. शेतातही सोयाबीन आलं. महिनोन्‌महिने दुकानात टिकणाऱ्या डब्यांपुढे आठवड्यात खवट होणारं तेल हरलं. घरात उरली ती जवसाची चटणी.

औषध म्हणून

जवसाला औषध मानणं नवं नाही. संस्कृतात त्याला अतसी, उमा, क्षुमा अशी नावं आहेत. 'क्षौम' वस्त्र हा शब्द या क्षुमेवरूनच आला. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात अतसी जड, उष्ण आणि वात कमी करणारी सांगितली आहे. पण त्याच ठिकाणी ती दृष्टीला आणि शुक्राला अपायकारक असल्याचंही नोंदवलं आहे. हे आजच्या कसोटीवर उतरतं की नाही ते सोडा. गुणाशेजारी दोष लिहायची ती पद्धत आजच्या जाहिरातींत सापडत नाही.

इंग्रजी दवाखान्यांतही जवस होतं. छाती भरली किंवा गळू आलं की अळशीचं गरम पोटीस बांधत. भाजलेल्या जागेवर चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल घोटून लावत. स्कॉटलंडमधल्या कॅरन लोखंड कारखान्यावरून त्याला 'कॅरन ऑइल' म्हणत. आता हा उपाय करू नये. भाजल्यावर वीस मिनिटं वाहतं थंड पाणी आणि मग डॉक्टर, तेल नाही.

तेल पोटात घेण्याला नवं शास्त्र मिळालं ते 1929 मध्ये. अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्यानं उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की काही मेदाम्लं आहारातूनच मिळावी लागतात. 1970च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांच्या आहारातल्या सागरी मेदाचा हृदयाशी संबंध जोडला, आणि 'ओमेगा-3' हा शब्द हळूहळू दुकानांत पोचला. मासे न खाणाऱ्यांसाठी जवस पुढे आलं.

इथे एक गोष्ट जाहिरातीत गाळली जाते. माशातले ओमेगा-3 म्हणजे ईपीए आणि डीएचए. जवसात आहे ते एएलए. आपलं शरीर एएलएपासून ईपीए थोडंसंच बनवतं, डीएचए तर फारच कमी. म्हणून 'माशाच्या तेलाइतकंच' हा दावा खरा नाही. 2020च्या कॉक्रेन आढाव्यानुसार एएलए वाढवल्यानं हृदयविकाराचा धोका किंचित कमी होत असावा. किंचितच.

चमचा आणि कॅप्सूल

आता हिशोब करू. 1,000 मिलिग्रॅम तेलाच्या कॅप्सूलमध्ये साधारण 500 मिलिग्रॅम एएलए असतं. एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे 7 ग्रॅम जवसाच्या पुडीत सुमारे 1.6 ग्रॅम. अमेरिकेत प्रौढ पुरुषासाठी रोज 1.6 ग्रॅम आणि स्त्रीसाठी 1.1 ग्रॅम पुरेसं धरतात. म्हणजे चटणीचा एक चमचा तीन कॅप्सूलच्या बरोबरीचा. शिवाय चोथा आणि लिग्नन ही द्रव्यं बीतच राहतात, तेलात जवळपास येत नाहीत.

संशोधनातही हा फरक महत्त्वाचा आहे. कॅनडातल्या 2013च्या एका चाचणीत पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या 110 रुग्णांपैकी काहींना सहा महिने रोज 30 ग्रॅम दळलेलं जवस दिलं. त्यांचा वरचा रक्तदाब इतरांपेक्षा सुमारे 10 अंकांनी कमी राहिला. पण ते दळलेलं बी होतं, कॅप्सूल नव्हती, आणि रुग्णांची नेहमीची औषधं चालूच होती.

बी अख्खं गिळलं तर बरंचसं न पचता बाहेर पडतं, म्हणून दळायचं. कच्च्या बीत सायनाइड तयार करू शकणारी संयुगं अल्प प्रमाणात असतात, भाजल्यानं ती कमी होतात. भाजून कुटलेली चटणी या दोन्ही बाबतींत बरोबर ठरते. सोबत पाणी भरपूर हवं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदरपण असेल, तर रोज जास्त जवस खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

दरम्यान, भाभा अणुसंशोधन केंद्रानं जवसाचा टीएल-99 हा वाण काढला आहे. त्यात एएलए मुद्दाम अगदी कमी ठेवलं आहे, म्हणजे तेल टिकेल आणि स्वयंपाकात चालेल. बाजार ज्या घटकाच्या नावानं कॅप्सूल विकतो, तोच काढून टाकून शास्त्रज्ञ या तेलाला पुन्हा कढईत आणू पाहताहेत. दोन्ही प्रयत्न आपापल्या जागी ठीक आहेत. फक्त आपण नेमकं काय विकत घेतोय ते ठाऊक हवं.

भारतात अशा कॅप्सूलच्या डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी सूचना छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. घरात कुणी मोबाइलवरचा व्हिडिओ बघून रक्तदाबाची गोळी सोडून कॅप्सूल सुरू करणार असेल, तर त्यांना ती ओळ वाचून दाखवा. गोळी चालू राहू दे, आणि भाकरीबरोबर जवसाची चटणीही.