विजेचा रहाट

विजेच्या इतिहासात मोठी यंत्रे गाजली. लहान युक्त्या बहुधा अनामिक राहिल्या. आज जी युक्ती आपणापुढे मांडावयाची आहे, ती गिटार वाजविणाऱ्याच्या पायाशी पडलेल्या पत्र्याच्या पेटीत सापडते. पेटीत नऊ व्होल्टचा एकच पुरवठा; त्यावर तीन-चार मंडले चालतात. एक सूर फाटका करणारे, एक प्रतिध्वनी देणारे, एक नुसताच आवाज वाढविणारे. त्यांपैकी एखाद्यास अठरा व्होल्ट हवे असतात, एखाद्यास उणे नऊ. हे जास्तीचे व्होल्ट येतात कोठून? उत्तर शोधीत गेले म्हणजे आपण गिटारपासून पुष्कळ दूर, झुरिच शहरी जाऊन पोहोचतो.

तेथे हाइनरिख ग्राइनाखर नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने किरणोत्सर्ग मोजण्याचे एक उपकरण केले होते. त्यास दोनशे ते तीनशे व्होल्ट लागत. शहराची वीज तर एकशे दहा व्होल्टची. तेव्हा त्याने कंडेन्सर आणि एकाच दिशेने वीज जाऊ देणाऱ्या झडपा यांची अशी जोडणी केली की दाब दुप्पट व्हावा. १९१४ साली त्याने ती प्रसिद्ध केली आणि पुढे काही वर्षांनी अशा पायऱ्या एकावर एक रचून दाब हवा तितका चढविता येतो, हेही दाखविले.

आपल्याकडील रहाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातले मर्म सांगावे लागणार नाही. पोहरा खाली भरतो व वर रिता होतो. येथे पोहरा म्हणजे कंडेन्सर. तो नऊ व्होल्टपर्यंत भरावा, मग त्याचे बूड उचलून पुरवठ्याच्या नऊ व्होल्टवर टेकवावे. वरचे टोक आपोआप अठरावर जाते, आणि तेथून दुसऱ्या कंडेन्सरमध्ये ते ओतावे. तोच भरलेला पोहरा उलटा धरून त्याचे धन टोक जमिनीला लावले, तर दुसरे टोक उणे नऊवर येते.

या रहाटाची कीर्ती झाली ती केंब्रिजला. कॉकक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत याच तत्त्वावर काही लक्ष व्होल्ट उभे केले, आणि १४ एप्रिल १९३२ रोजी वॉल्टनला पडद्यावर त्या ठिणग्या दिसल्या. लिथियमचा अणुगर्भ फुटला होता. १९५१ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. मंडलालाही जगभर त्यांचेच नाव चिकटले. ग्राइनाखरच्या वाट्याला मात्र पुस्तकांतील तळटीप आली. हे न्याय्य झाले असे मला वाटत नाही. पण नाव पहिल्याचे न राहता गाजलेल्याचे राहते, हा अनुभव इतिहासाला नवा नाही.

पुढचे पाऊल अगदी उलट दिशेने पडले. १९७६ साली जॉन डिक्सनने हाच रहाट सिलिकॉनच्या कपचीवर कसा बसवावा ते दाखविले. चिपमधील स्मृती लिहिण्यास लागणारा अधिक दाब चिपच्या पोटातच तयार व्हावा, हा हेतू. त्यानंतर आयसीएल ७६६० सारख्या आठ पायांच्या स्वस्त चिपा निघाल्या, आणि लक्ष व्होल्टची विद्या नऊ व्होल्टच्या बॅटरीपाशी आली.

गिटारवाल्यांची गरज तोवर पालटली होती. १९६२ सालचा मॅस्ट्रो फझ-टोन दीड-दीड व्होल्टच्या दोन घटांवर चाले. सूर फाडणे हेच त्याचे काम, त्याला दाब थोडा असला तरी भागे. १९६६ च्या फझ फेसमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर, आणि बॅटरीचे धन टोक जमिनीला. बाकीच्या पेट्यांत ऋण टोक जमिनीला असते. दोघांना एकाच पुरवठ्यावर सरळ जोडले की शॉर्ट सर्किट ठरलेलेच! येथे उणे नऊ व्होल्ट करणारा रहाट तंटा मिटवितो. नव्वदीच्या दशकात बिल फिनेगनच्या क्लॉन सेंटॉरने याहून पुढे मजल मारली: नऊ व्होल्टमधून अधिक अठरा व उणे नऊ, म्हणजे सत्तावीस व्होल्टचा अवकाश, ज्यात सूर मोकळेपणी वाढावा. मंडल कोणी पाहू नये म्हणून त्याने त्यावर राळ ओतली. हौशी मंडळींनी ती खरवडून मंडल काढलेच.

आता एका रहाटावर किती वाफे भिजवावे? दाब दुप्पट केला म्हणून शक्ती दुप्पट होत नाही. अठरा व्होल्टवर दहा मिलिअँपिअर द्यायचे, तर मूळ पुरवठ्यातून निदान वीस ओढले जातात. ७६६० ची कुवत वीसेक मिलिअँपिअरची, आणि त्या भाराखाली तिचा दाब सुमारे एक व्होल्टने खचतो. एलटी १०५४ शंभरापर्यंत देते. आवाज वाढविणाऱ्या साध्या मंडलास दोन-चार पुरतात, त्यामुळे अशी चार मंडले तिच्यावर सहज चालतात. अंकीय प्रतिध्वनीची पेटी मात्र एकटीच पाणी पिऊन टाकते, तिला मूळ नऊ व्होल्टवरच ठेवावे. अठरा व्होल्टच्या वाटेवर सोळा व्होल्टचा कंडेन्सर राहिला तर तो तग धरीत नाही, हेही पाहावे लागते.

खरी कटकट आवाजाची. ७६६० चे पोहरे सेकंदाला दहा हजार वेळा हलतात, म्हणजे कानाच्या टप्प्यात; ती बारीक शीळ तारेतून फझमध्ये शिरली की फझ तिलाच सूर समजून शतपट मोठी करतो. एलटी १०५४ चा वेग पंचवीस हजार, माणसाच्या कानापलीकडचा. ७६६० च्या काही प्रकारांत पहिला पाय पुरवठ्याला जोडला की तीही तितकी चपळ होते. इतकी एक तार जोडायची राहिली, म्हणून चारही मंडले शीळ घालीत बसतात.